निशानं जळवलेला कंप्युटर

यंत्र बाईच्या हातून बिघडतं आणि पुरुषाच्या हातून जुनं होतं. हा नियम कोणी केला ते माहीत नाही, पण बुऱ्हाणपुरात तो नेमानं पाळला जातो. आमच्या लालबागच्या गल्लीत मी स्वतः पाहणी केली आहे. बंद पडलेल्या शंभर वस्तूंपैकी सत्तर घरच्या सुनेनं बिघडवलेल्या निघाल्या, वीस लाइटीच्या कमीजास्तीनं गेल्या, आणि उरलेल्या दहांत कंपनीनंच माल खराब दिला होता. पुरुषाच्या हातून बिघडलेली वस्तू अजून सापडायची आहे. (एक सापडली होती. घरमालकानं ती त्याच दिवशी कबाड्याला देऊन टाकली.)

आमचा जीवन हा नियम फार कडक पाळतो. पोरगा माझा आहे म्हणून जास्त बोलत नाही, थोडंच बोलते. केळीच्या गाड्या भरून देण्याचा त्याचा धंदा आहे, आणि यंत्रातलं त्याला फार कळतं. इतकं कळतं की त्यानं आजवर एकही यंत्र उघडून पाहिलेलं नाही. बाहेरूनच पाहतो, दोन थपडा मारतो आणि कोणी बिघडवलं ते सांगतो. मिक्सर जळाला, तर निशानं चटणीत पाणी कमी घातलं. इस्त्री गेली, तर निशानं वायर ओढून काढली. आमच्या फोपनार गावच्या मळ्यातली पाण्याची मोटर जळाली तेव्हा निशा माहेरी होती आणि मोटर चालू ठेवून जीवन पान खायला गेला होता; तिथं मात्र कंपनीची चूक निघाली.

निशा म्हणजे माझी सून. लग्नाच्या आधीच डीसीए केलेली, म्हणजे कंप्युटरची परीक्षा पास. त्या कौतुकात जीवननं लग्नाच्या वर्षी कंप्युटर घेतला. टीव्हीसारखा एक डबा, उभा एक डबा, बटणांची पाटी आणि शेपटीवाला उंदीर. उभ्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. मी डबाच म्हणते, कारण तो डबाच आहे. पहिली दोन वर्षं निशा त्याच्यावर केळीच्या गाड्यांचा हिशोब मांडायची आणि जीवन पाहुण्यांना सांगायचा की हिशोब मी मांडतो. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दिवाळीच्या तोंडावर, दसऱ्याची सुट्टी संपवून निशानं बटण दाबलं, डब्यात फट्ट झालं, जळका वास आला आणि कंप्युटर गेला.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं, निशानं जळवलेला कंप्युटर. नुसतं कंप्युटर कोणी म्हणत नाही. "ती फुलदाणी कुठं ठेवू?" "निशानं जळवलेल्या कंप्युटरवर ठेव." असं. आमच्या घरात इतकं लांब नाव दुसऱ्या कोणाचंच नाही.

आता बंद पडलेल्या वस्तूचा मान कसा वाढत जातो ते नीट समजून घ्या. चालू होता तेव्हा त्याच्यावर साधा टॉवेल असायचा. बंद पडल्यावर क्रोशाचं झाकण आलं. त्यावर प्लास्टिकची फुलं आली. बाजूला कोणी चार्जर ठेवलेला खपेना. आणि दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते त्यात त्याचा नंबर पहिला लागायला लागला. दसऱ्याला आमच्याकडे विळा, कुदळ, ट्रॅक्टर, मोटारसायकल, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. ट्रॅक्टर घर चालवतो, त्याला एक बोट कुंकू. कंप्युटर काहीच करत नाही, त्याला फुलं, अक्षता, आपट्याची पानं, उदबत्ती आणि वरून तापीचं पाणी. जीवन सकाळी घाटावर जाऊन तांब्या भरून आणतो आणि आंब्याच्या डहाळीनं शिंपडतो. हात मोकळा आहे पोराचा. शिंपडताना कंजुषी करत नाही, कंप्युटर चालू होता तेव्हाही केली नाही.

निशावर दुसराही एक आरोप होता, तोही इथंच सांगून टाकते. आमच्या पूजेत गणपती म्हणून एक सुपारी मांडतात. ती माझ्या सासूबाईंच्या लग्नातली, तेल लावून लावून काळी झालेली. श्रीकांतनं, म्हणजे माझ्या दिरानं, लहानपणी ती खाऊ समजून चावली होती. तिच्यावर त्याच्या एका दाताची खूण आहे आणि श्रीकांतच्या तोंडात त्या दाताची जागा आहे. तर ज्या वर्षी कंप्युटर गेला, त्याच वर्षीच्या दसऱ्याला आरती झाली आणि पाहतो तर सुपारी नाही. खाट हलवली, पाट हलवला, मांजरीवर संशय घेतला. शेवटी जीवननं शोध लावला की पूजेची उतरलेली फुलं निशानं तापीत सोडली, तर त्यांच्याबरोबर गणपतीही सोडला. झालं. एका महिन्यात देव बुडवला आणि कंप्युटर जळवला. एवढं काम करणारी सून सगळ्या तालुक्यात दुसरी नव्हती.

वर्षं गेली. दोन्ही आरोप घरात भांड्यांसारखे वापरात राहिले. पाहुणे आले की निघायचे, धुऊनपुसून परत जागेवर जायचे.

मग गेल्या महिन्यात फोपनारची मनीषा आली. तिच्या बचत गटाच्या बाया केळीचे वेफर्स करतात, खोडाच्या दोऱ्याच्या टोपल्या विणतात. आता लांबलांबून ऑर्डरी येतात म्हणून गटानं कंप्युटर घेतला आणि तो चालवायला बाई पाहिजे होती. मनीषा म्हणाली, निशाताईशिवाय आमच्या नजरेत कोणी नाही, रोज दुपारी आली तरी चालेल. निशाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला नाही आणि पुढंही केला नाही. तशीच उभी. इतक्या वर्षांत मी तिला असं उभं पाहिलं नव्हतं.

जीवननं ट्रेमधला कप उचलला, फुंकर मारली आणि म्हणाला, "तुमचं तुम्ही बघून घ्या, ताई. आमच्याकडचा तर हिनंच जळवला. घरचा होता म्हणून चाललं. गटाचा माल आहे, उद्या कुछ हो गया तो?"

मनीषाचा चेहरा पडला. म्हणाली, गटात विचारते, सोमवारी येते, तोवर दुसरीही एक पोरगी पाहून ठेवते. निशा ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. साधा राग आला तर तिच्या हातून भाजीत मीठ जास्त पडतं. त्या दिवशी मीठ अगदी बरोबर होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

लालबागला यायच्या आधी मी पाच वर्षं फोपनारची सरपंच होते. शाळा चौथीपर्यंत, पण सरपंचाला लिहावं लागत नाही, सचिव लिहितो. त्या पाच वर्षांत मी एवढं शिकले की आरोप कितीही जुना असो, पंचनाम्याशिवाय तो आरोप नाही, नुसती बोलाचाली आहे. इथं आरोपी घरात, पुरावा घरात, त्यावर क्रोशाचं झाकण, आणि पंचनामा झालेलाच नाही. मी रविवारी सकाळी जाहीर केलं की निशानं जळवलेला कंप्युटर उघडण्यात येईल आणि आत काय आहे ते पाहण्यात येईल.

जीवनच्या हरकती अशा. एक, आत चिप असते, तिला हवा लागली की ती मरते. (मेलेलीच होती.) दोन, कंपनीचं स्टिकर फाटेल. तीन, आज अमावास्या आहे. (नव्हती.) चार, "माय, हा टेक्निकल मॅटर आहे, तू राहू दे ना." चारही हरकती ऐकून घेण्यात आल्या आणि पेचकस त्याच्याच हातात देण्यात आला, कारण घरात यंत्रातलं कळणारा तोच.

समिती पुढीलप्रमाणे बसली. अध्यक्ष मी. पंच आमचे मालक (नाव उखर्डू, लिहायला हरकत नाही, तोंडानं घेत नाही). तज्ज्ञ म्हणून शेजारचे दिगंबर मास्तर. तक्रारदार जीवन. आरोपी निशा, शिवाय चहा तिच्याकडे.

दिगंबर मास्तरांबद्दल दोन शब्द चांगले लिहायला पाहिजेत. त्यांनी शाळेत कंप्युटर शिकवण्यात हयात घालवली. शाळेत कंप्युटरची खोली होती आणि धूळ जाऊ नये म्हणून तिला कुलूप होतं. मास्तर फळ्यावर कंप्युटर काढायचे आणि पोरं वहीत काढून त्याला रंग द्यायची. मास्तरांच्या हाताखालून शेकडो पोरं गेली, पण एकाही कंप्युटरला ओरखडा आला नाही. असा सांभाळून शिकवणारा माणूस आता होत नाही.

जीवननं पेच काढले. पहिला उलटा फिरवला, मग सुलटा. बाजूचं पत्र्याचं दार निघालं आणि आम्ही सगळे आत वाकलो.

आत आमचाच दसरा होता. एक नव्हे, सगळेच, एकावर एक. खाली हळदकुंकवाची चिकट रेघ, तिच्यावर झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आपट्याची पानं, उदबत्तीची राख, आणि कोपऱ्यात पालीचं शेपूट. (पाल गैरहजर होती.) इतकी वर्षं त्या डब्याच्या आत आमच्या घरापेक्षा जास्त सण झाले होते.

मास्तरांनी घसा साफ केला आणि माहिती द्यायला घेतली. ही हिरवी पाटी म्हणजे कंप्युटरचं शेत. ह्या रेघा म्हणजे पाट, त्यांतून लाइट वाहते. मग पाटीवर विखुरलेल्या पांढऱ्या बारीक दाण्यांकडे बोट करून ते म्हणाले की ही मेमरी असावी, जुन्या मॉडेलात अशी सुटी यायची.

दारातून निशा म्हणाली, "मास्तर, ते तांदूळ आहेत."

मास्तरांनी एक दाणा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि तांदूळ असल्याच्या शक्यतेवर विचार करायला लागले.

जीवन म्हणाला, हे लाल दिसतंय ते जास्त गरम झाल्यानं. पाहा, किती तापवला हिनं. तेव्हा आमचे मालक, जे लग्नापासून घरात मोजकंच बोलत आलेत, म्हणाले, "कुंकू आहे ते. तुझ्या मायच्या हातचं. ती दाबून लावते." मी अध्यक्ष या नात्यानं सांगितलं की कुंकू हा आजचा विषय नाही, आणि कुंकवानं कोणी मेल्याचं ऐकिवात नाही. पुढं चला.

पुढं हिरव्या पाटीवर वरून खाली पांढऱ्या धारा उतरल्या होत्या. तापीचं पाणी सुकलं की पातेल्याच्या तळाला राहतात तशाच. जिथं धारा थांबल्या, तिथं गंज. जीवननं पाहिलं आणि नजर वर नेली. वर डब्याच्या डोक्यावर हवेची जाळी होती. तिच्या मधल्या दोन काड्या बाहेरून पक्कडीनं वाकवलेल्या दिसत होत्या, आणि मध्ये रुपयाएवढं भोक. मी विचारलं, हे कंपनीनं दिलं का. जीवन म्हणाला, नाही, ते मी जळाला त्या वर्षीच्या दसऱ्याला थोडं मोठं केलं होतं.

कशाला, म्हटलं.

त्यानं पेचकस खिशात घातला. मग म्हणाला की टेबल तिरकं होतं, गणपतीची सुपारी घरंगळायची. जाळीवर नीट बसावी म्हणून.

जाळीच्या खाली पंखा होता. पंख्याच्या दोन पात्यांत एक काळा गोळा अडकलेला होता. मास्तर घाईनं म्हणाले, हा कपॅसिटर, इतका मोठा फक्त इंपोर्टेड मालात मिळतो. मी हात घालून तो कपॅसिटर ओढून काढला, पदरानं पुसला आणि खिडकीशी नेला. त्याच्यावर श्रीकांतच्या दाताची खूण होती.

निशा पुढं आली. तिनं सुपारीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, वाकलेल्या काड्यांकडे पाहिलं. जीवनकडे पाहिलं नाही. मग चहाचे कप गोळा केले. माझ्या कपात अजून अर्धा चहा होता, तोही घेऊन गेली.

इथं दुसऱ्या कोणाची मान खाली गेली असती. पण यंत्रातलं कळणारा माणूस असा हार मानत नाही. जीवननं डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाला, "माय, गणपती हरवलाच नव्हता. तो स्वतः आत जाऊन बसला होता."

दिगंबर मास्तरांना बुडताना काठ सापडला. ते म्हणाले, तेच म्हणतो मी, कंप्युटर जळाला असं म्हणताच येणार नाही. शास्त्राच्या भाषेत त्यानं समाधी घेतली.

दुपारपर्यंत ही बातमी गल्लीत पोचली, संध्याकाळपर्यंत पार इतवारा मोहल्ल्यात. माणसं यायला लागली. जीवननं डबा पाटावर ठेवला, सुपारी परत पंख्यात बसवली आणि समोर समई लावली. येणारे आधी हात जोडायचे, मग आत डोकवायचे, मग विचारायचे की ही हिरवी पाटी पहिल्यापासून हिरवीच होती का. जीवन सांगायचा. सांगता सांगता हकीगत वाढायची. पहिल्या माणसाला त्यानं सांगितलं की सुपारी पंख्यात सापडली. पाचव्याला सांगितलं की पंखा तिच्याभोवती थांबला. दिवेलागणीला आलेल्यांना कळलं की पेच आपोआप फिरले. (तिन्ही वेळा पेचकस त्याच्या खिशातच होता.)

लोक श्रद्धाळू आहेत आणि हुशारही आहेत. एकानं आपला बंद पडलेला इन्व्हर्टर आणून शेजारी ठेवला. एक बाई जळका मिक्सर घेऊन आली. कोणी मोबाइल डब्याला टेकवून पाहिला आणि नेटवर्कची एक दांडी वाढल्याचं सगळ्यांना दाखवलं. सोमवारी सकाळी आमच्या ओसरीत लालबागच्या अर्ध्या बंद वस्तू रांगेनं बसल्या होत्या, प्रत्येकीला कुंकू लावलेलं, आणि कोणत्याच वस्तूला पेचकस लावायचं कोणाच्या मनात नव्हतं.

मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. हकीगतीत सगळं बदललं, एक वाक्य बदललं नाही. जीवन प्रत्येकाला शेवटी सांगायचा, "आता मिसेसच्या हातून जळाला ही गोष्ट खरी. पण देवाची इच्छा." देव सापडला, पाण्याच्या धारा सापडल्या, वाकलेल्या काड्या सापडल्या, आणि निशा होती तिथंच राहिली. स्वयंपाकघरात. दर्शनाला येणाऱ्यांच्या चहाला.

सोमवारी मनीषा आली. तिनं दर्शन घेतलं, कारण तशीच पद्धत पडली होती. तिच्या हातावर दराब्याच्या मिठाईचा प्रसाद ठेवण्यात आला. तिनं हकीगत पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, मग निशाताईचं काय ठरलं, का त्या दुसऱ्या पोरीला हो सांगू.

जीवन म्हणाला, देवाचं ते देवाचं झालं, ताई, पण बटण तर हिनंच दाबलं होतं ना.

माणसांनी माना डोलावल्या. स्वयंपाकघरात कपबशी वाजायची थांबली.

आता वाचणाऱ्यांनी हसून घेतलं असेल तर थोडं माझंही ऐकावं. एकदा उठून आपल्या घरच्या फ्रिजवर, इन्व्हर्टरवर आणि वायफायच्या डबीवर काय काय मांडून ठेवलंय ते पाहून यावं. मी थांबते. आलात? मग खरं सांगा. सुपारी सापडल्यावर ओसरीतली गर्दी पाहत इथवर आलात, त्या वेळात स्वयंपाकघराकडे कितीदा पाहिलंत? म्हणजे दर्शनाच्या रांगेत तुम्हीही होतात. चपला बाहेर काढल्या होत्या, एवढं तरी म्हणा.

मी उठले. गुडघ्यांनी वेळ घेतला, तोवर लोकांनी वाट दिली. समई बाजूला केली, पंख्यातून सुपारी काढली आणि कनवटीला लावली. निशाला हाक मारून बाहेर बोलावलं. ती ओल्या हातानं आली आणि दारात उभी राहिली. मग सगळ्या लालबागसमोर मी माझ्या पोराला म्हटलं:

"जीवन, काड्या वाकवल्या तू. देव वर बसवला तू. पाणी ओतलं तू. हिनं फक्त बटण दाबलं, आणि बटण दाबायलाच असतं. मनीषा, ही उद्या दुपारी येते, दुसऱ्या पोरीला नाही सांग. आणि तू रे, ह्या लोकांची मिक्सरं आजच्या आज ज्याच्या त्याच्या घरी पोचव. येत्या दसऱ्याला कोणाची पूजा करायचीच असली, तर हिची कर. पाणी तेवढं शिंपडू नको. ती अजून बंद पडलेली नाही."